बंबाजवळचं वळण

गेल्या आठवड्यात राहात्याहून घरी येताना रस्ता अडला होता. उसाची ट्रॉली वळणावर कलंडलेली, मोळ्या रस्ताभर पसरलेल्या, ट्रॅक्टरवाला टायरला लाथा घालतोय आणि भोवती दहा-वीस माणसं आपापलं शहाणपण सांगत उभी. कोणी म्हणे टायर झिजलाय, कोणी म्हणे माल जास्त भरला, कोणी म्हणे जोडाची पिनच वाकलीय. माझा मुलगा गाडीतून उतरला आणि तोही ट्रॉलीखाली वाकून बघायला लागला. पन्नाशी ओलांडली तरी कुठं काही मोडलेलं दिसलं की हा वाकलाच. मी काच खाली केली आणि म्हटलं, "ट्रॉली काय बघतोस, वळण बघ." तिथल्या लोकांनी माझ्याकडं जे पाहिलं, ते मला चांगलंच कळलं. म्हातारीला उसातलं काय कळतंय!

नाहीच कळत. ऊस मी फक्त खाल्लाय, तोसुद्धा दात होते तोवर. पण काय पडलं ते बघण्याआधी कुठं पडलं ते बघावं, एवढं मला एका हंगामानं शिकवलं. त्या शिकवणीवर मी आजवर तोरा मिरवत आलेय आणि यापुढंही मिरवणार आहे.

एकाहत्तर-बाहत्तरचा तो गळीत हंगाम. मी नगर शहरातली मुलगी, मॅट्रिक झालेली, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन साखर कारखान्याच्या कॉलनीत आले होते. हंगाम म्हणजे काय हे मला आधी नाकानं कळलं. मळीचा तो आंबूस-गोड, उग्र वास! पहिला महिनाभर मी पदर नाकाला लावूनच हिंडत होते. वाळत घातलेल्या धुण्यावर चिमणीची काजळी यायची, दुधाच्या पातेल्यावर यायची, बाळाच्या टाळूवरसुद्धा यायची. सकाळी भोंगा झाला की सगळी कॉलनी एकदम उठायची. पुढं माहेरी गेले की मला तो वास नसला तर झोप येईना, तेव्हा आई म्हणाली की तू आता आमची राहिली नाहीस.

कारखान्याची स्वतःची छोटी रेल्वे होती. शेतांपासून कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीपर्यंत अरुंद रूळ, त्यावरून उसानं लादलेल्या ट्रकांची, म्हणजे उघड्या वाघिणींची, माळ ओढत एक काळं, बुटकं इंजिन यायचं. त्या लाइनीचे मुकादम म्हणजे माझे सासरे, मामंजी. उंच, काटक, कमी बोलणारे. रूळ सरळ आहे की नाही ते त्यांना पट्टी न लावता कळायचं, वळणावर बाहेरचा रूळ किती उचलायचा ते नुसत्या नजरेनं कळायचं, आणि गाडी जाताना ते तिच्याकडं पाठ करून उभे राहायचे. चाकांचा आवाज ऐकून सांगायचे की अमक्या सांध्याचा बोल्ट ढिला झालाय. लोक जाऊन बघायचे, तर तो ढिला असायचाच.

त्या वर्षी ते निवृत्त झाले होते आणि त्यांच्याशिवाय सुरू झालेला तो पहिलाच हंगाम होता. भोंगा झाला की सवयीनं उठायचे, मुंडासं बांधायचे, दारापर्यंत जायचे आणि परत येऊन बाजेवर बसायचे. हे बघवायचं नाही. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, चहाचा कप त्यांच्या हातात देऊन आत यायच्या.

मग एक दिवस ते गोडेतेलाचा रिकामा डबा, कात्री आणि कापडाच्या गाठींवरच्या लोखंडी पट्ट्या घेऊन अंगणात बसले. कारण माझं बाळ होतं, आणि बाळाचं बोरन्हाण. बोरन्हाण ही आमच्या नगरच्या गल्लीतली हौस. संक्रांतीनंतर बाळाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे ओतायचे. आत्याबाईंच्या माहेरी-सासरी हे काही नव्हतं. "आमच्यात न्हाई असलं, सायबांच्या बाया करत्यात," असं त्या म्हणाल्या, आणि लगेच बोरं कोणाच्या बांधावरची गोड आहेत ते सांगायला लागल्या. मामंजींनी ठरवलं की नातवाच्या अंगावर बोरं येतील ती गाडीतून येतील.

गाडी म्हणजे कशी, तर चार बोटं अंतरावरचे दोन रूळ, त्यांखाली आडवे बाभळीच्या चिपांचे सिलीपाट, जुन्या भिंतीवरच्या घड्याळाची स्प्रिंग घातलेलं किल्लीचं इंजिन आणि विटेएवढे चार डबे. चाकं कारखान्यातल्या टर्नरनं पितळेची करून दिली. मला वाटलं, जन्मभर उसाचे ट्रक पाहिले, तेच करतील. पण डब्यांना खिडक्या पडल्या, खिडक्यांत कुंकवाच्या काडीनं काढलेली माणसं बसली, वर उचलून काढता येईल असं छप्पर आलं. आत्याबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "नातवाला माल न्हाई वाहायचा. त्याला बसून जायचं हाय."

रूळ अंगणात गोल फिरले, तुळशीला वळसा घालून, पाणी तापवायच्या बंबाच्या अंगानं पाटापर्यंत. किल्ली दिली. इंजिन खडखडत निघालं. आम्ही सगळे ओट्यावर श्वास धरून. तुळस पार झाली. बंबाजवळच्या वळणावर इंजिन गेलं, पहिला डबा गेला, आणि दुसरा डबा आतल्या बाजूला आडवा झाला. तिसऱ्यानं त्याच्यावर उडी घेतली. खिडकीतली माणसं आभाळाकडं बघत पडली.

पहिल्या दिवशी आम्ही हसलो. आठवडा झाला तेव्हा हसायचं बंद केलं.

मामंजी डब्यांच्या मागं लागले. दुसऱ्या डब्याचं चाक आवळलं, तर ते फिरेना. ढिलं केलं, तर लटपटायला लागलं. डबे एकमेकांना जोडणाऱ्या कड्या वाकवल्या, सरळ केल्या, परत वाकवल्या. मग त्यांचा हुकमी इलाज. लाइनीवर रिकामा ट्रक उड्या मारतो, भरलेला बसून चालतो, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. म्हणून सगळ्या डब्यांत गंजके नट-बोल्ट भरले. गाडी जड झाली, इंजिन कुंथायला लागलं आणि दुसरा डबा आधीपेक्षा लवकर पडला. मागचं ओझं ओढताना बिचारा वळणावर आतल्या बाजूला खेचला जायचा, हे मला नंतर समजलं.

बातमी नळावर गेली. मुकादमांची गाडी रोज पडते म्हणे. नवा मुकादम एकदा सायकल थांबवून कुंपणावरून बघून गेला आणि नुसता हसला. त्या हसण्यानं मामंजींना जे लागलं, ते मी ओट्यावरून पाहिलं. संध्याकाळी ते आत्याबाईंना म्हणाले, "बोरन्हाणाला गाडी पुरा फेरा मारंल. न्हाई मारला तर मी परत लाइनीचं नाव काढनार न्हाई." जो माणूस लाइनीशिवाय दुसरं काही बोलतच नव्हता, तो असं म्हणाला. आत्याबाईंची चपाती तव्यावर करपली.

आमंत्रणं गेली होती. सगळ्या कॉलनीच्या बायका येणार होत्या. दिवस उरले होते नऊ.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आजच्या मुलींना माझं वागणं वेडेपणाचं वाटेल. मामंजी आणि मी बोलत नव्हतो. भांडण नव्हतं हो, रीतच होती. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, सासऱ्यानं सुनेला थेट काही म्हणायचं नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असले तरी ते आत्याबाईंना सांगायचे, "तिला म्हनावं, पानी दे." आणि मी पाणी द्यायचे. मी काही गरीब गाय नव्हते. शाळेत वादविवादात बक्षिसं घेतलेली. पण लग्नाला दोन वर्षं होऊनही माझा आवाज त्यांच्या कानावर गेला असेल तो फक्त अंगाईतला.

आणि नेमकं मलाच दिसलं होतं. रोज सकाळी अंगण झाडताना, सडा घालताना मी आदल्या दिवशी डबा जिथं पडला तिथं रांगोळीचा एक ठिपका द्यायचे. उगाच, हाताला चाळा म्हणून. कधी दुसरा डबा पडायचा, कधी तिसरा, एकदा पहिला. पण ठिपके सगळे एकाच ठिकाणी गोळा व्हायला लागले. बंबाजवळ, ओंजळभर जागेत. मग मी ते मुद्दाम ठळक काढले. म्हटलं, बघतील आणि समजतील. मामंजींनी सकाळी वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं. मग आत आवाज आला, "तिला म्हनावं, रुळाजवळ रांगोळी नको. कन चाकात जात्यात."

घ्या! माझा एवढा पुरावा आणि त्यावर झाडू मारायची पाळी माझ्यावरच.

पण मी चिवट. दुपारी मामंजी पडले असताना मी एका डब्यातले नट-बोल्ट काढले, त्यात एक वाटी ठेवली, काठोकाठ पाण्यानं भरली आणि डबा हातानं हळूहळू ढकलत नेला. सरळ रुळावर पाणी जागचं हललं नाही. बंबाजवळ आले आणि वाटीतलं पाणी आतल्या बाजूनं सांडायला लागलं. पुन्हा भरली, पुन्हा नेली, पुन्हा तिथंच. बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा चांगला बोटभर उंच होता. आत्याबाई ओट्यावर तीळ निवडत होत्या. म्हणाल्या, काय खेळ मांडलाय. मी दाखवलं. त्या शहाण्या बाईला एका नजरेत कळलं आणि तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"तुम्ही सांगा ना," मी म्हटलं.

"मी? भाजीत मीठ न्हाई ते सांगंन. लाइन वाकडी हाय ते न्हाई सांगायची." आणि त्यांनी पुन्हा सूप उचललं.

मग त्याच संध्याकाळी मी जे केलं, त्याची आठवण झाली की आजही माझे कान तापतात. मामंजींनी किल्ली दिली, गाडी बंबाजवळ पडली, ते डबा उचलून चाक निरखायला लागले. मी बाळाला कडेवर घेतलं, पदर कपाळापर्यंत ओढला, पाण्याची वाटी घेऊन अंगणात उतरले आणि डब्यात ठेवली. आणि बाळाला म्हटलं, "आजोबांना म्हणावं, डबा हळू ढकला, आणि पाणी कुठल्या बाजूला सांडतं ते बघा."

नऊ महिन्यांचं पोर, ते काय म्हणणार. त्यानं माझी माळ ओढली. मामंजींनी माझ्याकडं पाहिलं नाही. खाली बसले आणि डबा ढकलला. पाणी सांडलं. त्यांनी तळवा रुळावर ठेवला, आतल्या, मग बाहेरच्या. उठले, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर गेले.

मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली आणि रडले. म्हटलं, गेलं आता. ज्या माणसाचं सगळं नाव रुळावर उभं, त्याला कालच्या पोरीनं रूळ चुकला म्हणून सांगितलं, तेही वाटीभर पाण्यानं.

दिवेलागणीला ते परत आले. कारखान्याच्या मोठ्या वळणावर जाऊन उभे राहिले होते म्हणे, दोन गाड्या जाईपर्यंत. ओट्यावर बसून आत्याबाईंना म्हणाले, पण एवढ्या मोठ्यानं की मला चुलीपाशी ऐकू यावं: "तिला म्हनावं, बरोबर हाय तिचं. मोठी गाडी जोरात येती, म्हनून वळनावर भायेरचा रूळ उचलायचा. ही चालती मुंगीवानी, हिला कशाला उचल? माझ्या हातानं मला न इचारता उचलला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सिलीपाटांखालच्या चिपा काढून वळण सपाट केलं. डब्यांतले नट-बोल्टही गेले. गाडी निघाली, बंब पार झाला, दुसरा डबा पार झाला, तिसरा झाला. आम्ही टाळ्या वाजवतोय तोवर दुसऱ्या फेऱ्याला चौथा डबा पडला, तोही तुळशीच्या अलीकडं, सरळ रुळावर. पुढच्या फेरीला पायरीपाशी. मग फाटकाजवळ. हा गडी जागा बघत नव्हता, कुठंही आडवा व्हायचा. मामंजींच्या चेहऱ्यावर मला चक्क समाधान दिसलं. हा दोष डब्याचा होता, आणि तो त्यांचा होता.

दोन दिवस ते त्या डब्याशी झटले. तिसऱ्या दिवशी संक्रांतीच्या बांगड्या भरायला जैतूनबी मणियारीण आली. टोपली डोक्यावर, तोंडात पान, कोणाशीही बोलायला कुणाची परवानगी न लागणारी बाई. माझ्या हातात हिरव्या बांगड्या चढवता चढवता तिचं लक्ष मामंजींकडं. त्यांनी चाकांची जोडी आसासकट काढून मांडीवर घेतली होती. ती म्हणाली, इकडं द्या. आमची परात तिनं पालथी घातली आणि त्यावर ती जोडी घरंगळवली. सरळ जायची सोडून ती गोल वळून माझ्या पायाशी आली. पुन्हा घरंगळवली, पुन्हा तेच.

"अण्णा, बाईचे दोन हात बी एका मापाचे नसतात," जैतूनबी म्हणाली. "उजव्याला एक सूत मोठी बांगडी लागते. तुमचं एक चाक उजव्या हाताचं हाय."

टर्नरनं चाकं दोन खेपांत केली होती, मामंजींच्या काढघालीत त्यातलं एक मोठं चाक लहानाच्या जोडीला लागलं होतं. एवढंच. मामंजींनी ते कानशीनं घासलं, परातीवर घरंगळवलं, घासलं, घरंगळवलं. दुपारपर्यंत जोडी परातीवरून सरळ रेघ मारत गेली. त्या दिवसापासून जैतूनबी आली की त्यांनी स्वतः उठून तिला बसायला पाट द्यावा. आत्याबाई म्हणायच्या, माझ्यासाठी कधी उठले न्हाईत.

पुढच्या वर्षी पाऊसच झाला नाही. ऊस उभा वाळला, हंगाम सुरू होतो न होतो तोच भोंगा बंद पडला. त्या कोरड्या दिवसांत मामंजी मुलांना अंगणात बसवून गाडी चालवून दाखवायचे. नंतर कारखान्याची छोटी रेल्वेही गेली, ट्रॅक्टर आले, रूळ उपटले गेले. आता त्या जागी रस्ता आहे, तोच, जिथं गेल्या आठवड्यात ट्रॉली कलंडली. पोलिसांनी येऊन मोळ्या बाजूला केल्या. मुलगा गाडीत येऊन बसला आणि म्हणाला, "आई, रस्ता तिथं आतल्या बाजूला खचलाय गं." मी म्हटलं, बरं. घरी येईपर्यंत मात्र मी खिडकीबाहेर बघून हसत होते.

तर बोरन्हाण. शुक्रवारची दुपार. अंगणभर बायका, मांडीवर पोरं, मध्ये पाटावर माझं बाळ, काळ्या झबल्यावर हलव्याचा मुकुट आणि हलव्याच्याच कंठ्या, ज्या ते चाटून संपवत होतं. डब्यांची छपरं काढून बोरं, करवे आणि तिळाच्या रेवड्या भरल्या होत्या. मामंजींनी किल्ली दिली आणि ते बंबाजवळ जाऊन गाडीकडं पाठ करून उभे राहिले. मोठ्या लाइनीवर उभे राहायचे तसेच. बायकांना काही कळेना. मला कळलं. ते ऐकत होते.

तुळस आली. पायरी आली. बंब आला. मी डोळे मिटले, खरं सांगते. खडखड, खडखड, आणि एकही चाक अडखळलं नाही. डोळे उघडले तेव्हा गाडी पाटापाशी होती आणि मामंजींची पाठ किंचित सैल झाली होती. आत्याबाईंनी पहिला डबा बाळाच्या डोक्यावर पालथा केला, मी दुसरा, शेजारणींनी पुढचे. पोरं बोरांवर तुटून पडली. नुसता कल्ला. डबे पुन्हा भरले, गाडी दुसऱ्या फेरीला निघाली, बंबावरून तशीच डौलात गेली आणि पाटाजवळ आली, तसं बाळानं हात घातला. चौथा डबा उचलला आणि थेट तोंडात. बाकीचे तीन धडाधड आडवे.

बोरं वेचणारी पोरंही थांबली. बायकांना गाडी पडल्याची गोष्ट माहीत होतीच. एकजण "पडली बाई" असं पुटपुटली, ते सगळ्यांनी ऐकलं.

मामंजी आले. नातवाच्या तोंडातून डबा सोडवला, सवयीनं चाकं फिरवून पाहिली. मग ते माझ्याकडं वळले. आत्याबाई शेजारीच होत्या, पण त्यांच्याकडं नाही, माझ्याकडं. सगळ्या कॉलनीसमोर म्हणाले, "सूनबाई, रूळ तू बघ. डबा मी बघतो."

मी सवयीनं आत्याबाईंकडं पाहिलं, त्यांनी माझ्या वतीनं काही बोलावं म्हणून. त्यांनी मान दुसरीकडं फिरवली आणि मांडीवरची बोरं वेचायला लागल्या, एकेक करून. मग मी खाली बसले, त्यांच्यासारखाच तळवा रुळावर ठेवला, आतल्या, मग बाहेरच्या.

"रूळ चांगला आहे, मामंजी," मी म्हटलं. "डबाही चांगला आहे. तुमचा पॅसेंजरच दांडगा आहे."

त्या हंगामात पहिल्यांदा ते हसले, मोठ्यानं, मुंडासं हलेपर्यंत. मग त्यांनी डबा रुळावर ठेवला, मी कडी अडकवली, आणि गाडी निघाली.